आंब्याच्या अढीतलं पाच मिलिमीटरचं टेबल

गेल्या मे महिन्यात पावसला एका बागायतदारांच्या माळ्यावर, हापूसच्या अढीत आम्ही सहा टेबलं ठेवली. टेबल म्हणजे खरंच टेबल, चार पाय आणि वर चौकोनी फळी, फक्त उंची पाच मिलिमीटर आणि सगळं मिळून रुपयाच्या नाण्यावर बसेल एवढं. फळीवर मोहरीपेक्षा लहान असा तापमान मोजायचा मणी, खाली रबराला चिकटलेला तसाच दुसरा मणी, आणि केसासारख्या तारा पेंढ्यातून बाहेर. हे टेबल कोणी कापून जोडून उभं केलेलं नाही, ते सपाट कापलं, सपाट चिकटवलं आणि मग ते आपोआप उभं राहिलं. ते उभं राहायला आम्हाला नऊ महिने लागले, त्या नऊ महिन्यांची ही सगळी हकीकत नीट लिहून ठेवतोय, कारण पुढच्या बॅचला हेच करायचंय आणि मला वाटतं इतर कॉलेजमधल्या पोरांनाही जमेल.

मी रत्नागिरीजवळ एका कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. प्रोजेक्टला दोघं होती, एक मुलगी नाचणे गावची आणि एक मुलगा पावसचा. ज्यांच्या माळ्यावर हे झालं ते त्याचे काका. काकांचं म्हणणं साधं होतं, अढीत हात घातला की कुठे तापलंय ते मला कळतं, पण हात घालायला पेंढा उचकटावा लागतो आणि उचकटला की ऊब जाते. म्हणजे हात न घालता कळायला हवं. मुलगा म्हणाला सर सेन्सर चिकटवू की आंब्याला, त्यात काय एवढं. चिकटवला. पण सपाट चिकटवलेला सेन्सर सालीचंच तापमान सांगतो, आणि आंबा पिकताना स्वतः ऊब सोडतो, मग ती ऊब बाहेर जातेय की पेंढ्यात अडकलीय हे कळायला सालीचं आणि सालीपासून चार-पाच मिलिमीटरवरच्या हवेचं अशी दोन तापमानं एकाच जागी हवीत. मध्ये थर्माकोलचा ठोकळा ठेवला तर तो हवाच अडवतो. म्हणजे हवं काय, तर अगदी बारीक पायांचं, आरपार हवा जाईल असं आणि आंबा टेकला तर दबून परत वर येईल असं काहीतरी.

इथे मला पातळ फिल्मवरचं ते काम आठवलं. चिप बनवायची सगळी मशिनं सपाट पृष्ठभागासाठी आहेत, थर घालायचा, प्रकाशाने नक्षी उठवायची, नको तो भाग खरवडायचा, हे सगळं सपाटच होतं. उंची द्यायची म्हटली की पंचाईत. त्यावर अमेरिकेत जॉन रॉजर्स, योंगगांग हुआंग, यीहुई झांग या संशोधकांनी २०१५ साली सायन्स या विज्ञान साप्ताहिकात एक पद्धत मांडली. सिलिकॉन रबर आधी ताणून धरायचं, त्यावर सपाट नक्षी ठेवायची, ती फक्त काही ठरावीक ठिपक्यांवर घट्ट चिकटवायची आणि मग रबर सोडायचं. रबर आकसतं, ठिपके जवळ येतात, मधली फिल्म आकसू शकत नाही मग जाते कुठे, वर. कमानी, मळसूत्रं, टोपल्या, पिंजरे, फुलं असे ४० पेक्षा जास्त आकार त्यांनी असे उभे केले आणि तेही चिपच्या दर्जाच्या सिलिकॉनचे (रबरातलं सिलिकॉन वेगळं, हे चिपमधलं), म्हणजे जे काचेसारखं तडकतं असं आपण म्हणतो त्याचे.

ते तडकत कसं नाही हा प्रश्न मुलीने पहिल्याच दिवशी विचारला आणि त्याचं उत्तर या सगळ्या प्रकरणाच्या मुळाशी आहे. फिल्म वाकवली की बाहेरची बाजू ताणली जाते, आतली दबते, आणि बाहेरचा ताण म्हणजे जाडी भागिले वळणाच्या त्रिज्येची दुप्पट. बस एवढंच. सिलिकॉन १०० नॅनोमीटर, म्हणजे मिलिमीटरचा दहा हजारावा भाग, जाड असेल आणि १ मिलिमीटर त्रिज्येत वाकवलं तर ताण येतो ०.००५ टक्के, त्याला काहीच होत नाही. आणि वाकवायला लागणारा जोर जाडीच्या घनाने बदलतो, जाडी निम्मी केली की जोर आठवा हिस्सा. पातळ केलं की कुठलाही पदार्थ कागदासारखा वागायला लागतो असं मी वर्गात सांगतो ते याच्यामुळे.

आमच्याकडे चिप बनवायला लागते तशी धूळ नसलेली क्लीन रूम नाही, सिलिकॉनची फिल्म नाही. पण भूमिती मापावर अवलंबून नसते, तोच आकार मायक्रोमीटरमध्येही (मिलिमीटरचा हजारावा भाग) उभा राहतो आणि मिलिमीटरमध्येही, म्हणून आम्ही मोठ्या मापात करायचं ठरवलं. मोबाइल रिपेअरवाल्यांकडे ती सोनेरी-तपकिरी टेप असते ना, उष्णतेला न वितळणारी, तिचीच बिनगोंदाची फिल्म मागवली, पॉलिइमाइडची, २५ मायक्रोमीटर जाड. कापायला गेलो रेडियमवाल्याकडे. त्याच्याकडे स्टिकर कापायचा प्लॉटर असतो, त्याने फिल्म रेडियमच्या बॅकिंगवर बसवून आम्ही दिलेली नक्षी कापून दिली. मधोमध ६ मिलिमीटरचा चौकोन, चार बाजूंना दीड मिलिमीटर रुंदीचे आणि ८ मिलिमीटर लांबीचे पाय, पायांच्या टोकाला ३ मिलिमीटरची पावलं. गणित असं की रबर १.४ पट ताणलं आणि सोडलं तर समोरासमोरच्या पावलांमधलं २२ मिलिमीटर अंतर पावणेसोळाच्या आसपास येणार, मधला चौकोन रुंद म्हणून तो वाकणार नाही, सगळं वाकणं पायांच्या वाट्याला, आणि चौकोन पाचेक मिलिमीटर वर उचलला जाणार.

कागदावर इतकं सोपं.

पहिलं रबर आम्ही घेतलं फिजिओथेरपीचा पट्टा, लेटेक्सचा. तो ताणून रात्रभर ठेवला, गोंद वाळू दे म्हणून, सकाळी सोडला तर टेबल उठलं कसंबसं दोन मिलिमीटर. मुलांना वाटलं फिल्म जाड झाली. मग मी त्यांना ताणायच्या आधी रबरावर बॉलपेनने १० मिलिमीटरचे चौकोन आखायला लावले, ताणल्यावर मोजा, सोडल्यावर मोजा. ताणल्यावर १४, आणि सोडल्यावर बारा सव्वाबारा. म्हणजे रबर रात्रभरात ताणलेल्या लांबीलाच सरावलं होतं, परत आलंच नाही. ही बॉलपेनची जाळी पुढे प्रत्येक वेळी आम्ही काढली आणि तिनेच अजून एक चूक दाखवली, आमच्या चौकटीत एका बाजूने रबर १.४ पट आणि दुसऱ्या बाजूने १.३ पटच ताणलं जात होतं, म्हणून दोन पाय उंच आणि दोन बुटके आणि फळी धड सपाट नाही, मधोमध खोलगट. डोळ्याने ताणलेल्या रबरात हा फरक अजिबात कळत नाही.

रबर बदललं ते गणपतीमुळे. जुलै महिना होता, गणपतीच्या शाळांमध्ये कामाची घाई, तिथे साचे करायला दोन भाग मिसळून ओतायचं सिलिकॉन रबर वापरतात. मुलीच्या शेजारी अशी शाळा आहे, त्यांनी उरलेलं पाव किलो दिलं. काचेवर ओतून एक मिलिमीटरची पोळी केली. हे रबर दोन दिवस ताणून ठेवलं तरी जाळी परत दहाच्या आसपास येते, खरं म्हणजे पहिल्याच दिवशी हेच वापरायला हवं होतं. फक्त कडा खिळ्यांना अडकवल्या तर फाटते, म्हणून चारही बाजूंना पट्ट्या आणि बाइंडर क्लिप.

आणि मग खरी अडचण सुरू झाली, चिकटवण्याची. दुकानातला झटपट गोंद लावला. जुलैमधली रत्नागिरीची हवा तुम्हाला माहितीय, कपडे चार दिवस वाळत नाहीत, आणि हा गोंद हवेतल्या ओलाव्यावरच घट्ट होतो. त्यामुळे थेंब पावलावर ठेवून फिल्म जागेवर आणेपर्यंत तो घट्ट झालेला असायचा, बाजूला पांढरी भुकटी धरायची, आणि इतकं करून सिलिकॉन रबराला तो धरतच नाही. रबर सोडलं की पहिल्यांदा पाय थोडे उठायचे आणि मग टक टक करत पावलंच सुटायची. एका दुपारी आठपैकी आठ गेली. मुलगी रडवेली झाली होती, मी पण वैतागलो होतो, पण त्या आवाजात उत्तर होतं. फिल्म वाकवायला जेवढी ऊर्जा लागते त्यापेक्षा पाऊल सोलायला कमी ऊर्जा लागत असेल तर फिल्म वाकत नाही, सुटते. ती स्वस्तातला रस्ता घेते. म्हणजे एकतर वाकणं स्वस्त करा किंवा सुटणं महाग करा.

सुटणं महाग केलं. माशांच्या काचपेटीला लावतात ते व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन, हेही ओलाव्यावरच घट्ट होतं पण सिलिकॉन रबराला ते आपलं मानतं. फिल्मची पावलं बारीक पॉलिश पेपरने खरवडून घेतली. पावलं काही सुटली नाहीत. पण आता काहीच उठेना. पावलं घट्ट, आणि पायही घट्ट, कारण सिलिकॉन पावलाखालून पायाखाली पसरलेलं, आणि जिथे पसरलं नव्हतं तिथेही स्वच्छ सिलिकॉन रबराला स्वच्छ फिल्म नुसती टेकवली तरी चिकटून बसते. पाय उठायच्या ऐवजी रबरावर बारीक सुरकुत्या पडल्या.

मोठ्या लॅबमध्ये हे कसं करतात ते तेव्हा आम्ही नीट वाचलं. तिथे अतिनील प्रकाश आणि ओझोन वापरून रबराचा आणि फिल्मवरच्या ठरावीक ठिपक्यांचा पृष्ठभाग असा बदलतात की तेवढ्याच जागी रासायनिक बंध तयार होतो, बाकी जागा नुसती टेकलेली राहते आणि सहज सुटते. म्हणजे नक्षी दोन असतात, एक फिल्मची आणि दुसरी चिकटण्याची, आणि आकार ठरवण्यात दुसरीचा वाटा पहिलीइतकाच, मला तर वाटतं जास्तच. आम्ही नऊ महिन्यांतले चार महिने पहिल्या नक्षीवर डोकं खाजवलं आणि दुसरीचा विचारच केला नाही. तीच फिल्म, तोच ताण, फक्त एका पायाला मध्ये अजून एक ठिपका चिकटवा, टेबलाऐवजी त्या बाजूला दोन छोट्या कमानी होतात, मुलांनी हे नंतर करूनही बघितलं.

आमचं अतिनील आणि ओझोन म्हणजे कॅरम पावडर. खरंच. रेडियमवाल्याकडून स्टिकरचीच ठिपक्यांची झाकणं कापून घेतली, चार ठिपके, ३ मिलिमीटरचे, ताणलेल्या रबरावर बरोबर पावलांच्या जागी लावले, बाकी रबरावर बोटाने कॅरम पावडर चोळली आणि फुंकर मारून जास्तीची उडवली. मग ठिपक्यांची झाकणं काढली, तिथे टाचणीच्या डोक्याएवढं सिलिकॉन, आणि वरून फिल्म. पाऊल दाबताना सिलिकॉन बाहेर आलं तरी पावडरवर ते धरत नाही. एक दिवस ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी चारही बाजूंच्या क्लिपा थोड्या थोड्या ढिल्या करत गेलो, एकदम सोडलं तर एक पाय आधी उठतो आणि बाकीचे त्याच्यामागे ओढले जातात म्हणून हळू. चौकोन आधी थरथरला, मग चारही पायांना इंग्रजी एस सारखा बाक आला आणि फळी वर यायला लागली, अगदी सावकाश, मखरातली कागदी घडी उघडते तशी. मुलगा मोबाइलवर शूट करत होता, ते विसरून तो नुसता बघत राहिला. उंची भरली पाच मिलिमीटरच्या किंचित वर.

आता वीज. तापमानाचा मणी म्हणजे थर्मिस्टर, २५ अंशाला १० हजार ओहमचा, एक अंश वाढला की रोध साधारण चार टक्के कमी होतो. त्याला दोन पायांवरून दोन वाटा हव्यात. आम्ही वीज वाहून नेणाऱ्या चांदीच्या शाईने पायांवर रेघा मारल्या. पहिल्यांदा फिल्म सपाट असतानाच शाई वाळली की ती वर वळायला लागली, आणि हे बघून मुलीने जे सांगितलं ते मला फार आवडलं, म्हणाली सर ही आंबापोळी झाली. ताटातली आंबापोळी उन्हात वरून आधी सुकते, वरचा थर आकसतो, खालचा ओला असतो आणि कडा वर येतात. अगदी तेच तत्त्व. दोन धातूंची पट्टी तापमानाने का वळते याचं गणित तिमोशेंकोने १९२५ मध्ये दिलं, आणि २००१ मध्ये श्मिट आणि एबर्ल यांनी नेचर या विज्ञान साप्ताहिकात दाखवलं की आतून ताण असलेली अतिपातळ फिल्म खालच्या थरापासून सोडवली की ती स्वतःहून गुंडाळून नळी होते. म्हणजे फिल्म उभी करायचा हा दुसरा रस्ता, रबर नको, फिल्मच्याच दोन थरांतला ताण पुरे. आम्हाला तो नको होता, म्हणून शाई पातळ केली.

टेबल उठलं, मणी बसला, आर्डुइनोवर, म्हणजे सेन्सर वाचणाऱ्या छोट्या सर्किट बोर्डवर, आकडा आला, २९ अंश. आनंद झाला. मग मी बोटाने फळी दाबली आणि सोडली, ती परत वर आली आणि आकडा झाला २८. पुन्हा दाबली, २६. खोलीत पंखासुद्धा नव्हता. मुलं म्हणाली बोट थंड आहे. बोट ३० अंशाच्या वर असतं, आकडा वाढायला हवा होता. थर्मिस्टरचा रोध वाढला की तो थंडी समजतो, म्हणजे रोध कुठेतरी दुसरीकडे वाढतोय, हजारभर ओहमने. घड्याळवाल्याचं भिंग लावून बघितलं. मला वाटलं होतं पावलाशी तुटलं असेल, कारण तिथे फिल्म जखडलेली. पावलाशी रेघ सुरकुतलेली होती पण अखंड होती. तडे होते वर, पाय फळीला मिळतो तिथे, आडवे, चार-पाच, दाढीच्या ब्लेडने ओढल्यासारखे. विचार केल्यावर बरोबर वाटलं, पावलाशी फिल्मची वरची बाजू आत दबते, फळीशी वरची बाजू बाहेर ताणली जाते, आणि शाई वरच्या बाजूला. त्रिज्या १ मिलिमीटर धरली तरी २५ मायक्रोमीटरच्या फिल्मवर वरच्या अंगाला सव्वा टक्का ताण. वाळलेली शाई ते सोसत नाही.

यावर उपाय जुना आहे आणि फार सुंदर आहे. वाकणाऱ्या पट्टीत वर ताण, खाली दाब, म्हणजे मध्ये कुठेतरी एक पातळी अशी असते जिथे ताणही नाही आणि दाबही नाही. शाई तिथे ठेवा. साडेबारा मायक्रोमीटरची फिल्म घेतली, तिच्यावर रेघा मारल्या, वरून तेवढ्याच जाडीचा दुसरा तुकडा सिलिकॉनचा अगदी पुसट हात देऊन बसवला. एकूण जाडी जवळपास तेवढीच, पायाचा ताठपणा फारसा वाढला नाही, आणि शाई बरोबर मध्ये. शिवाय दोन्ही बाजूंना सारखा थर आल्यामुळे आंबापोळीचा त्रासही गेला. या टेबलाला मुलीने एका संध्याकाळी दोनशे वेळा दाबलं, मोजून, आकडा हलला नाही.

इतर ठिकाणी याचे उपयोग कुठवर गेलेत तेही थोडक्यात सांगतो, कारण मुलांना आधी वाटत होतं की आपण खेळणं करतोय. रॉजर्स यांच्याच गटाने २०२१ मध्ये वाऱ्यावर तरंगणाऱ्या बियांच्या आकाराचे बारीक सेन्सर केले, पंख याच पद्धतीने उभे केलेले, सपाट कापून ताणलेल्या रबरावर. आपल्याकडे उन्हाळ्यात सावरीची म्हातारी उडते, तिला जमिनीवर यायची घाई नसते, तसंच यांनाही हळू पडायचंय म्हणजे पडता पडता हवा मोजता येते. त्याच वर्षी अशाच उभ्या केलेल्या फिल्मच्या पिंजऱ्यात मेंदूच्या पेशींचा लॅबमध्ये वाढवलेला गोळा धरून त्याचे विजेचे संकेत सगळ्या बाजूंनी घेतले गेले. सपाट चिपवर गोळा ठेवला तर फक्त खालच्या पेशी ऐकू येतात. गोळ्याला मिठी मारणारा सेन्सर हवा तर तो सपाट बनवून मग उभा करणं हा सोयीचा रस्ता. आमचा आंबा पण गोलच आहे.

मे महिन्यात अढी लागली. खाली पेंढा, त्यावर आंब्यांचा थर, पुन्हा पेंढा, असे चार थर. सहा टेबलं, तीन मधल्या थरात, तीन कडेला. काकांनी स्वतःच्या हाताने पेंढा पसरला, आम्हाला करू दिला नाही, म्हणाले "सर, तुमचं यंत्र तुम्ही सांभाळा, पेंढा माझा." तिसऱ्या दिवशी पहाटे मधल्या थरातली साल कडेच्यापेक्षा दोन अंशांच्या आसपास जास्त होती, पण मला महत्त्वाचं वाटलं ते दुसरंच. कडेला सालीचं आणि वरच्या हवेचं तापमान वेगळं होतं, हवा थंड, म्हणजे ऊब बाहेर जात होती. मध्ये दोन्ही जवळपास सारखं झालेलं, म्हणजे ऊब तिथेच साचलेली. नुसत्या सालीच्या आकड्यावरून हे कळलं नसतं. काकांना दाखवलं, त्यांनी पेंढा न उचकटता बाजूने हात सारला आणि मधला थर कुठे तापलाय ते दाखवलं, आमच्या दोन नंबरच्या टेबलापासून वीतभर अंतरावर. त्या दुपारी त्यांनी मधले आंबे कडेला आणि कडेचे मध्ये केले.

सहापैकी चार टेबलं शेवटपर्यंत चालली. एकाच्या फळीखाली पेंढ्याची काडी आडवी गेली आणि तिने फळीला टेकून आकडा बिघडवला, तो बरेच तास खरा वाटत होता हे वाईट. दुसऱ्याची तार जोडावर सुटली, तो दोष आमच्या हाताचा, फिल्मचा नाही. आंबे काढल्यावर एक टेबल पूर्ण सपाट दबलेलं मिळालं, वर आख्खा आंबा बसला होता पाच दिवस. आंबा उचलल्यावर ते लगेच उठलं नाही, आम्ही समजलो गेलं. डब्यात टाकून कॉलेजात आणलं, दुसऱ्या दिवशी उघडलं तर चार मिलिमीटरपर्यंत उभं होतं.

आता नवीन नक्षी काढलीय. फळीच्या चारही कडांना खाली वळणारे अर्ध्या मिलिमीटरचे दाते दिलेत, काडी आत जाऊ नये म्हणून, ते वळवायला पुन्हा आंबापोळीचंच तत्त्व वापरायचंय, दात्यांच्या खालच्या अंगाला जरा जाड शाई. पावलं ३ ची ४ मिलिमीटर केली. रेडियमवाला म्हणाला अर्ध्या मिलिमीटरला ब्लेड नवीन लागेल, ते परवा येईल.